मीटरचा जन्म : न्यायाच्या मागणीतून



मीटर आणि किलोग्रॅम हे शब्द आज आपल्या इतके अंगवळणी पडले आहेत की, त्यांच्यामागे कधीकाळी न्यायाची मागणी उभी होती, याचे आपणांस विस्मरण झाले आहे.

अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये मापाचे नाव एकच असले, तरी गावागणिक त्याचे परिमाण निराळे असे. धान्याच्या रूपाने खंड घेणाऱ्या जमीनदाराचे माप त्याच्याच ताब्यात असे. ते वाढले, तर कुळाने दाद कोणाकडे मागावी? म्हणूनच १७८९ साली राजाकडे धाडलेल्या गाऱ्हाण्यांत, देशभर एकच वजन व एकच माप असावे, ही मागणी वारंवार आढळते.

कल्पना नवी नव्हती. सायमन स्टेविन याने १५८५ मध्ये दशांश अपूर्णांकांचा पुरस्कार केला होता. लिआँ येथील धर्मगुरू गाब्रिएल मूताँ यांनी १६७० मध्ये पृथ्वीच्या परिघावर आधारलेले दशमान माप सुचविले होते. क्रांतीने या विचाराला शासनाचे पाठबळ दिले. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर, असे १७९१ मध्ये ठरले. पृथ्वी कोणा एका राजाची मालमत्ता नव्हे. तेव्हा तिच्यापासून घेतलेले माप सर्वांचेच, अशी ही भूमिका होती. दलांब्र व मेशँ या शास्त्रज्ञांनी १७९२ ते १७९८ या धामधुमीच्या काळात डंकर्क ते बार्सिलोना मोजणी पुरी केली आणि १७९९ मध्ये प्लॅटिनमचा प्रमाण मीटर सिद्ध झाला.

हा मीटर ठरलेल्या व्याख्येपेक्षा सुमारे ०.२ मिलिमीटरने आखूड भरला, हे पुढे उघड झाले; तरीही तोच कायम राहिला. मापाचे खरे बळ सर्वांच्या सहमतीत असते, हाच याचा अर्थ. ती सहमती मात्र सहज लाभली नाही. नेपोलियनच्या राजवटीत, १८१२ मध्ये, दैनंदिन व्यवहारात जुन्या नावांच्या मापांना मुभा द्यावी लागली. १ जानेवारी १८४० पासून दशमान मापे फ्रान्समध्ये सक्तीची झाली आणि २० मे १८७५ रोजी सतरा राष्ट्रांनी पॅरिस येथे मीटर करारावर सह्या केल्या.

आपल्याकडे १९५६ च्या कायद्यानंतर १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने शेर व मण यांची जागा किलोग्रॅमने घेतली. परंतु कायदा होणे हे अर्धेच काम आहे. आठवड्याच्या बाजारातील वजनावर पडताळणीची मोहोर आहे की नाही, हे पंचायत सदस्यांनी पाहावे. शिक्षकांनी मुलांच्या हाती मोजपट्टी द्यावी. माप खरे असेल, तरच गरिबाच्या पदरात त्याचा पुरता वाटा पडेल.