सुट्टी शाळेला, ब्रशला नाही

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित भाग.

विषय बघून काही जण म्हणतील, "भाऊ, अजून आमचं लग्न नाही झालं, लेकरांच्या दातांचं आम्हाला काय सांगतो?" पण हे तुम्हालाच सांगायचंय. मे महिन्यात बहिणीची, भावाची लेकरं घरी येतात. त्यांना कॅनॉटला फिरायला नेणारे, बर्फाचा गोळा खाऊ घालणारे, मोबाईलवरून आईस्क्रीम मागवणारे मामा, काका, मावशी, आत्या कोण? आपणच की!

आता सुट्टीत नेमकं काय बिघडतं ते बघू. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला ते असं दिसतं. शाळा म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणारा प्रोग्राम. सकाळी उठा, दात घासा, डबा खा, रात्री वेळेवर झोपा. मे महिन्यात हा प्रोग्राम बंद पडतो. आपल्या संभाजीनगरात ऊन चाळिशीच्या वर, म्हणजे दुपारभर लेकरं घरात. हातात मोबाईल, बाजूला सरबताची बाटली, मांडीवर कुरकुऱ्यांचं पाकीट. रात्री क्रिकेट बघत बघत बारा वाजतात आणि सोफ्यावरच झोप लागते. मग ब्रश कोण करणार?

आता थोडं आतलं गणित. तोंडातले जंतू साखर खातात आणि आम्ल तयार करतात. दातावरच्या आवरणाजवळचा, म्हणजे इनॅमलजवळचा, पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की ते विरघळायला लागतं. काहीतरी गोड खाल्लं की काही मिनिटांतच हे होतं. मग लाळ आपलं काम सुरू करते आणि आम्ल शांत करते, पण त्याला अर्धा ते एक तास लागतो. आता प्रत्येक घोट म्हणजे टायमर रीसेट! लेकरू एकच सरबताची बाटली १२ ते ३ थोडी थोडी पीत बसलं, तर तीन तास लाळेला संधीच मिळत नाही. तेच सरबत जेवणासोबत पाच मिनिटांत संपवलं, तर नुकसान कितीतरी कमी.

थोडक्यात, किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं याने जास्त फरक पडतो. हे आजचं नाही. स्वीडनमध्ये व्हिपेहोम नावाच्या संस्थेत १९४५ ते १९५३ दरम्यान याचा अभ्यास झाला. तिथल्या बौद्धिक दिव्यांग रहिवाशांना वेगवेगळ्या पद्धतीने गोड खायला दिलं गेलं. जेवणासोबत गोड खाणाऱ्यांचे दात फारसे किडले नाहीत, पण जेवणाच्या मधल्या वेळात चिकट टॉफी खाणाऱ्यांचे खूप किडले. ज्यांना नाही म्हणता येत नव्हतं अशा माणसांवर हा प्रयोग केला, म्हणून त्यावर पुढे खूप टीका झाली आणि ती योग्यच होती. निदान त्यातून कळलेलं तरी आपण वाया घालवू नये.

म्हणून आमरस बंद करायची गरज नाही, काळजी करू नका. आंब्याचा मोसम वर्षातून एकदा येतो. रस जेवणातच वाढा, वर पाण्याची चूळ. चॉकलेट द्यायचं तर जेवणानंतर लगेच द्या, दिवसभर पुरवून पुरवून नको. मधल्या वेळेत काकडी, कलिंगड, फुटाणे, शेंगदाणे (अगदी लहानांना अख्खे दाणे नको, घशात अडकतात). तहान लागली की माठातलं पाणी. उसाचा रस, कैरी, चिंच असं गोड-आंबट खाल्लं की लगेच ब्रश नको. आधी चूळ, मग अर्ध्या तासाने ब्रश.

दिवसातून एकच ब्रश नीट होणार असेल, तर तो रात्रीचा करा. झोपेत लाळ कमी होते, म्हणजे दाताचा वॉचमनच ड्युटीवर नसतो. तीन वर्षांखालच्या लेकराला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांच्याला वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर दाखवतात, तेवढी कधीच नाही. पेस्टमध्ये फ्लोराइड आहे का, ते पाकिटावर बघा. साधारण १००० पीपीएम असावं. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत मात्र बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं, तिथल्यांनी दंतवैद्याला विचारून ठरवा. दोन मिनिटं घासायचं, पेस्ट थुंकायची, नंतर भरपूर चुळा भरायच्या नाहीत. आणि सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्या माणसाने हात लावायचाच. एकट्या लेकराला मागच्या दाढा नीट घासता येत नाहीत.

आपल्याकडे नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते सगळ्यांना माहीत आहे. पण दात घासायला एक तांब्या पुष्कळ झाला. ते कारण चालणार नाही!

आता आजचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. "दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत" हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. पण साधारण सहाव्या वर्षी, दुधाच्या दाढांच्या मागे, एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, म्हणून घरच्यांना वाटतं हीपण दुधाचीच. तसं नाही. ती कायमची पहिली दाढ. ती किडून काढावी लागली, तर तिच्या जागी दुसरी येत नाही. पुढची साठ-सत्तर वर्षं त्याच दाढेवर भाकरी चावायची आहे. तुमची भाची पहिली-दुसरीत असेल तर आज मोबाईलचा टॉर्च लावा आणि मागे बघा. काळा ठिपका किंवा खड्डा दिसला तर थांबू नका. दाढ चांगली असेल, तर तिच्यावरच्या खाचा सीलंटने बुजवून घेता येतात, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

गावाकडे जाणाऱ्यांसाठी एक वेगळं. काही घरांत आजी अजून मिश्री लावते, आणि दाढ दुखली की प्रेमाने नातवालाही बोटभर देते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. दुखणं बधिर झाल्यासारखं वाटतं, पण कीड तिथेच राहते आणि लेकराला सवय लागू शकते. टूथपेस्ट, दंतमंजनात तंबाखू वापरायला सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली, घरच्या मिश्रीला कोण अडवणार? आजीवर चिडू नका. तिच्याजवळ बसून समजावून सांगा, नातवासाठी ती ऐकते.

आणि सुट्टीत सायकलवरून पडणं आलंच. कायमचा दात मुळासकट निघाला तर घाबरू नका. मुळाला हात न लावता वरच्या पांढऱ्या भागाला धरा. घासू नका. जमलं तर लगेच त्याच जागी बसवा, नाहीतर थंड दुधात ठेवा आणि तासाभराच्या आत दंतवैद्याकडे पोचा. जितकं लवकर, तितका दात वाचायची शक्यता जास्त. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.

जायचं कुठे? शहरात घाटीच्या परिसरात शासकीय दंत महाविद्यालय आहे. खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल, तर सकाळी लवकर तिथे जा. शाळांमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं मुलांना तपासतात, त्यात दातही असतात. या कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्या महाराष्ट्रातूनच, पालघरहून झाली. पण सुट्टीत शाळाच बंद. शाळेने हातात चिठ्ठी दिली असेल आणि ती दप्तरात पडून असेल, तर आता वेळ आहे, दाखवून घ्या. राज्याच्या स्वच्छ मुख अभियानाचा चेहरा २०२३ पासून सचिन तेंडुलकर आहे. क्रिकेटवेड्या भाच्याला पटवायला एवढं नाव पुरेसं आहे.

शेवटी काम एकच. आज रात्रीपासून मोबाईलवर साडेनऊचा अलार्म लावा आणि लेकरांसोबत तुम्हीपण ब्रश करा. मामा करतो म्हटल्यावर भाचा करतोच. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा दप्तर नवं असेल, दात मात्र तेच असतील.

भाग आवडला तर घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, विशेषतः ताई-वहिनी असलेल्या.