तिपाईचा समतोल



आपल्या पांढुर्णा-सौंसरच्या संत्राबागांत वजनकाटा टांगावयाचा, तर तीन वासे माथ्याशी बांधून तिपाई उभारता येते. वासे ५ हात, माथ्याची उंची ४ हात, पाय मध्यापासून ३ हात व सारख्या अंतरावर असे समजा. ६० किलो टांगले, वाशांचे वजन सोडले, तर प्रत्येकाने उभा भार २० पेलावयाचा; त्यासाठी तिरप्या वाशावर २५ किलोभार दाब येतो. तीन दिशांची तीन समीकरणे हेच सांगतात. १५-१५ चे आडवे रेटे माथ्यावर परस्परांना निरस्त करतात. जमिनीवर मात्र प्रत्येक पाय बाहेर सरकू पाहतो. घर्षण अपुरे पडले, की तिपाई कोसळलीच. म्हणून पाय दोराने एकमेकांशी जखडल्यावाचून भाराखाली कोणी उभे राहू नये.