सातशे पेसोंचा कांदा



आपल्याकडे सटाण्यात खानावळीत शिरलं की आपण विचारतो, "आज भाजी काय?" दुबईच्या सतवा भागातल्या एका छोट्या फिलिपिनो खानावळीत मात्र हे विचारायचं कामच नव्हतं. काचेआड दहा-बारा पातेली मांडलेली. हवं त्याकडे बोट करायचं, की वाढणाऱ्या बाई बशीत घालून देणार. अशा खानावळीला त्यांच्याकडे 'तुरो-तुरो' म्हणतात. तुरो म्हणजे बोट दाखवणं.

मार्च 2023 ची ही गोष्ट. सोबत माझा शाळेतला मित्र होता. आपल्या बागलाणातलाच, पण पोटासाठी तिकडे गेलेला. माझ्या गळ्यात माळ. बहुतेक पातेल्यांत मांस किंवा मासळी, त्यामुळे माझं बोट बराच वेळ हवेतच राहिलं. शेवटी मित्रानं चौकशी करून माझ्यापुरती नुसत्या भाज्यांची 'कारे-कारे' मागवली.

वांगी, चवळीच्या शेंगा, केळफूल, आणि या सगळ्यावर शेंगदाण्याचा दाट रस्सा. पहिला घास घेतला आणि हसूच आलं. आपली दाण्याची आमटीच की ही! फक्त तिखटाचा पत्ता नाही. मित्र हे ओळखून होता. त्यानं खिशातून ठेच्याची डबी काढली.

या पदार्थाच्या नावाची एक कथा सांगतात. 1762 साली इंग्रजांनी मनिला घेतलं, तेव्हा मद्रासहून गेलेल्या फौजेतले काही हिंदी शिपाई परत आलेच नाहीत, तिथेच संसार मांडून राहिले. त्यांची 'करी' ती 'कारे', असं म्हणणारे आहेत. खरं-खोटं जाणकार ठरवतील. दाण्याच्या रश्श्याला मात्र मी साक्षीदार.

जेवताना मित्रानं सवयीनं कच्चा कांदा मागितला. बाईंनी चिरून आणला आणि बशी ठेवता ठेवता म्हणाल्या, "दोन-तीन महिन्यांपूर्वी आमच्या मनिलात हा सोन्याच्या भावानं गेला!"

गंमत म्हणून म्हणाल्या असतील, पण गोष्ट खरी होती. डिसेंबर 2022 मध्ये मनिलात लाल कांदा किलोला सातशे पेसोंपर्यंत गेला होता. आपले हजार रुपये म्हणा ना! कोंबडीपेक्षा कांदा महाग. जानेवारीत त्यांच्या एका विमान कंपनीचे दहा कर्मचारी विमानतळावर अडकले. दुबई आणि रियाधहून परतताना त्यांच्या सामानात परवान्याशिवाय आणलेले सुमारे 27 किलो कांदे सापडले होते. लोक परदेशातून सोनं लपवून आणतात हे ऐकलं होतं. हे कांद्याचं नवीनच.

मित्राचा हात बशीवरच थांबला. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याच्या वडिलांनी गावाकडे लाल कांद्याची ट्रॉली विकली होती. भाव मिळाला किलोला तीन रुपये. काढणी, गोणी, भाडं, हमाली वजा जाता हातात काय उरलं, ते त्यांनी फोनवर सांगितलंच नव्हतं. 27 फेब्रुवारीला लासलगावात शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. उन्हाळ कांदा चाळीत चार-सहा महिने राहतो, लाल कांद्याला तेवढा दम नाही. निघाला की विकावाच लागतो.

एकाच हंगामात, एकाच पिकाचे हे दोन भाव. मध्ये एक समुद्र आणि आयातीचा एक परवाना.

बाईंना आम्ही हे सांगितलं. त्यांनी हिशेब केला, मान हलवली आणि न मागता आणखी एक कांदा चिरून आणला. त्याचे पैसे मात्र लावले नाहीत.

परत आल्यावर त्या बाईंच्या देशाबद्दल वाचत होतो. फिलिपिन्समध्ये सापडलेला तारीख असलेला सर्वांत जुना लेख म्हणजे लागुना प्रांतातला एक ताम्रपट. 1989 साली तो उजेडात आला. त्यावरचा काळ आपल्या पंचांगातला आहे : शके 822, वैशाख वद्य चतुर्थी, वार सोमवार. म्हणजे इसवी सन 900. आणि मजकूर? कोणा नामवारन नावाच्या माणसाचं सोन्यातलं कर्ज फिटलं, आता त्याच्याकडे किंवा त्याच्या मुलाबाळांकडे कोणी मागणी करायची नाही, असा तो दाखला आहे.

हे वाचलं आणि पहिल्यांदा आठवले ते आपले देव मामलेदार, दुष्काळात सरकारी खजिना लोकांना मोकळा करून देणारे. आणि मग आठवले माझ्या मित्राचे वडील, हातात काय उरलं ते फोनवर न सांगणारे.

श्रोतेहो, आपला कांदा आपण बाजार समितीच्या फाटकापर्यंत ओळखतो. पुढे तो कुठे जातो, कोणाच्या ताटात पडतो, तिथे त्याला काय मोल येतं, हे विचारायची आपल्याला सवय नाही. शेजारच्या तालुक्यातला भाव आपण रोज विचारतो. आता मनिलाचाही विचारू या. तिथवर माल पोचवायची वाट एकट्या शेतकऱ्याला सापडणार नाही, पण गावानं मिळून शोधली तर सापडेल.

आणि कधी परमुलखात एखाद्या अनोळखी खानावळीत बसलात, तर भाजीच्या आधी कांदा मागवा. तो कुठून आला, तेही विचारा.