परदेशी कचेरीतील आमची कारकुनी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस येथे उभे केले ते ‘विलायतेतील वकिलीचे अनुभव’ सांगण्यासाठी. निमंत्रणपत्रिकेवर तसे छापलेही आहे. परंतु आरंभीच एक दुरुस्ती करणे आम्हांस भाग आहे. आम्ही लंडनमध्ये वकिली केलेली नाही. अनेक देशांत शाखा असलेल्या तेथील एका सॉलिसिटर-संस्थेत आम्ही कायदा-साहाय्यक होतो. आपल्या कोर्टातील भाषेत सांगावयाचे तर शिरस्तेदार, टंकलेखक आणि ज्युनियर वकील यांचे थोडेथोडे काम एकाच खुर्चीत! हीच दुरुस्ती घरी करावयास आम्हांस दीड वर्ष लागले, ती हकिगत पुढे येईलच.

आमचे वडील, अण्णा, जिल्हा न्यायालयात चाळीस वर्षे दिवाणी काम पाहत आले. आमची सनद झाली तेव्हा त्यांनी आपला जुना काळा कोट आमच्या मापाचा करून घेतला होता. सन २०२१ मध्ये आम्ही पुढील शिक्षणासाठी लंडनला गेलो व २०२२ मध्ये ही नोकरी धरली. आता बार कौन्सिलचा नियम असा आहे की, वकिलाने पूर्णवेळ पगारी नोकरी पत्करल्यास तसे कौन्सिलला कळवावे आणि नोकरी असेतो वकिली बंद ठेवावी. त्याप्रमाणे आम्ही कौन्सिलला पत्र धाडले. अण्णांना मात्र ‘लंडनच्या एका नामांकित कचेरीत लागलो’ एवढेच कळविले. त्यांनी गावभर ‘चिरंजीव विलायतेत बॅरिस्टर झाले’ म्हणून पेढे वाटले, आणि आम्ही गप्प बसलो.

तेथील व्यवस्था थोडी वेगळी आहे. अशिलाची सर्व बाजू सांभाळतो तो सॉलिसिटर. मोठ्या न्यायालयात बहुधा उभा राहतो तो बॅरिस्टर. आणि या दोघांच्या हाती योग्य कागद योग्य क्षणी पडावा म्हणून रात्र जागवितो तो आमच्यासारखा साहाय्यक. फेटर लेनवरील रोल्स बिल्डिंगमध्ये व्यापारी दाव्यांची न्यायालये आहेत. तेथे जाणाऱ्या कागदांच्या संचास ‘बंडल’ म्हणतात. आता ते बहुतांशी संगणकावरच असते. पण पृष्ठांक एकाने चुकला तरी न्यायाधीश एक पान पाहत असतात आणि वकील दुसऱ्याच पानावर बोलत असतो. शिवाय दिवसाचा हिशेब सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत लिहावयाचा. तासाचे असे दहा तुकडे. अशिलाचे बिल त्यावरून निघते. चहा प्यावयास उठताना आम्हांस प्रारंभी फार अपराधी वाटे!

अशा कचेरीत आपल्या प्रांतातून गेलेले आम्ही काही पहिले नव्हे. नाशिकला १८६६ मध्ये जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली. परंतु त्या काळी तेथे स्त्रियांस पदवी देत नसत व वकिलीही करू देत नसत. तेव्हा त्यांनी लंडनच्या एका सॉलिसिटर-कचेरीत काही काळ काम शिकून घेतले. पदवी हाती आली १९२२ मध्ये, आणि लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाल्या त्या १९२३ मध्ये. साहाय्यकाच्या खुर्चीचा आम्हांस कमीपणा वाटे तेव्हा ही तीस वर्षे आम्ही मनाशी मोजीत असू.

येथे बसलेल्या तरुण मंडळींसाठी थोडे व्यवहाराचे. सन २०२१ पासून तेथे सॉलिसिटर होण्यासाठी नवी परीक्षा सुरू झाली आहे. तिच्या पहिल्या भागात एकशेऐंशी प्रश्नांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात, दुसरा भाग प्रत्यक्ष कामाचा. याखेरीज दोन वर्षांचा अनुभव लागतो, आणि साहाय्यकाचे कामही त्यात धरता येते. परंतु ज्याने स्वदेशी सनद घेतली आहे त्यास हा अनुभव दाखवावा लागत नाही. म्हणून आमचे सांगणे असे की, आधी येथील सनद पदरात पाडून घ्या, मग विमानाचे तिकीट काढा. मुलाला उगाच घाई करणाऱ्या आईबापांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

आता आमच्या चुकीकडे वळतो. दाव्यात उभय पक्षांनी आपापले कागद, प्रतिकूल असले तरी, एकमेकांस दाखवावे लागतात. फक्त अशील व वकील यांच्यातील सल्ल्याचा पत्रव्यवहार गुप्त राहतो. आपल्याकडे १८७२ च्या पुरावा कायद्यात हे तत्त्व होते, आणि २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. हजारो पत्रे चाळून ‘दाखवावे’ वा ‘दाखवू नये’ असा शेरा मारणे हे आमचे काम. एका ई-मेलच्या लांबलचक साखळीचे वरचे पान साध्या मालवाहतुकीसंबंधीचे होते. आम्ही तेवढेच वाचून ‘दाखवावे’ म्हटले. तळाशी वकिलाचा सल्ला होता. शुक्रवारी संच प्रतिपक्षाकडे गेला आणि शनिवारी यादी ताडून पाहताना ते आमच्या ध्यानी आले.

कचेरीत दुसरे कोणी नव्हते. ही गोष्ट कोणास ठाऊकही नव्हती. दोन तास आम्ही तसेच बसून होतो, आणि त्या दोन तासांत आम्ही काय काय योजिले ते या व्यासपीठावरून सांगण्यासारखे नाही. अखेर वरिष्ठ बाईंना दूरध्वनी केला. त्या रागावल्या नाहीत, “किती वाजता कळले?” एवढेच त्यांनी विचारले. आम्ही खरी वेळ सांगितली. तेथील नियमाप्रमाणे असा चुकून गेलेला कागद प्रतिपक्षास न्यायालयाच्या परवानगीवाचून वापरता येत नाही, तरी तो वाचला जाण्यापूर्वी कळविणे निकडीचे असते. बाईंनी तत्काळ पत्र धाडले. सोमवारी उत्तर आले की, संच उघडलेला नव्हता व तो कागद नष्ट केला आहे. अशिलासही सर्व कळविण्यात आले. मग सगळा गठ्ठा आम्ही पुन्हा तपासला, आणि त्या तासांचे बिल अशिलास लावले गेले नाही. त्या वर्षी आमची पगारवाढ झाली नाही.

त्याच रविवारी आम्ही अण्णांना सविस्तर पत्र लिहिले: आम्ही बॅरिस्टर नाही, कधी नव्हतो, कागद लावतो, पृष्ठांक घालतो, आणि तेही चुकतो. तीन आठवडे उत्तर आले नाही. आईच्या बोलण्यावरून एवढेच कळले की, अण्णा संध्याकाळी पारावर जाईनासे झाले आहेत.

मग त्यांचे कार्ड आले. पेढ्यांचा उल्लेख नाही, रागाचा शब्द नाही. एकच प्रश्न होता: “तुमच्याकडे अनुक्रमणिकेच्या पानास अंक देतात की तिच्यानंतर मोजावयास आरंभ करतात? आमच्या कोर्टात यावरून नेहमी घोटाळा होतो.”

आम्ही उलट टपाली कळविले की, अंक पहिल्या पानापासूनच, अनुक्रमणिका धरून.