दिल्ली दरवाज्याच्या विटा

कोल्हापूरकराला दरवाजा म्हटला की काळा दगड आठवतो. जुन्या राजवाड्यापुढचा नगारखाना घ्या किंवा पन्हाळ्याचा तीन दरवाजा घ्या, इथल्या पाथरवटांचा हात चालला तो दगडावर. त्यामुळे पुण्याच्या शनिवारवाड्यासमोर उभा राहिलेला कोल्हापूरचा माणूस तट पाहून थबकतो. खाली घडीव दगड आणि वर चक्क विटा!

वाड्याची पायाभरणी पहिल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी केली आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. दोन्ही दिवशी शनिवार होता. भोवतीचा तट पुरा झाला तो नानासाहेबांच्या काळात. दगडी तट बांधण्याचा मान छत्रपतींचा, असा आक्षेप आला म्हणून पेशव्यांनी वर विटा वापरल्या, अशी आख्यायिका आहे. ती ऐकायला छान वाटते, पण विटेची बाजू घ्यायला तिची गरज नाही. ओल, पावसाचे शिंतोडे, हत्तीची धडक हे सगळे तटाच्या पायाशीच येते, म्हणून तिथे दगड. वर मात्र भार हलका हवा, बंदुका रोखायच्या भोकांना, म्हणजे जंग्यांना, हवा तसा तिरकस कोन द्यायला हवा, आणि हे काम विटेत सोपे जाते. पुण्याच्या परिसरात दगडाला तोटा नव्हता, हेही विसरू नये.

वाड्याच्या दिल्ली दरवाज्याच्या फळ्यांवर हत्तीला रोखणारे अणकुचीदार खिळे आहेत आणि एका फळीत माणूस वाकून जाईल एवढी दिंडी. आत शिरताच वाट वळते, म्हणजे आत घुसणाऱ्याचा वेग तिथेच मोडतो. याच वळणावर पहारेकऱ्यांच्या देवड्या. खरे तर इथेच जास्त वेळ थांबायला हवे. वाड्याचा मालक आत राहत असे, पण दरवाज्यात चोवीस तास वावर होता तो पहारेकऱ्यांचा. त्यांची बसण्या-उठण्याची जागा कमानीच्या जाडीतच सामावली आहे आणि डोक्यावर लाकडी नगारखाना. फोटो काढणारे दरवाज्याच्या भव्यतेत हरवतात आणि देवडीकडे ढुंकूनही पाहत नाहीत, याचे वाईट वाटते.

फेब्रुवारी १८२८ मध्ये वाड्याला आग लागली आणि ती अनेक दिवस धुमसत राहिली. आतले सागवानी महाल गेले, नुसती जोती उरली. नगारखाना मात्र वाचला.

विटकाम कोल्हापुरातल्या जुन्या वाड्यांतही आहे, आणि तिथे प्रश्न येतो तो डागडुजीचा. सांधे उखडले की हाताशी असलेले सिमेंट भरले जाते. सिमेंट ओल बाहेर जाऊ देत नाही, मग ती विटेतून वाट काढते आणि विटेचा पापुद्रा सुटू लागतो. सांधा चुन्याने भरला तर तो स्वतः झिजतो आणि वीट राहते. काही वर्षांनी तो पुन्हा भरावा लागतो, एवढाच त्याचा खर्च.