चाळणीत राहिलेले अन्न

(सोलापूर येथे महिलांसाठी झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानमालेत गृहविज्ञानाच्या एका निवृत्त प्राध्यापिकेने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



प्रास्ताविकात माझी ओळख ‘आहारतज्ज्ञ’ अशी करून देण्यात आली. तीस वर्षे महाविद्यालयात आहारशास्त्र शिकविले हे खरे. पण आज आपल्यासमोर उभी आहे ती परीक्षक म्हणून नव्हे, नापास झालेली विद्यार्थिनी म्हणून. ते कसे, हे आधी सांगते.

गोष्ट १९९६ सालची. माझा मुलगा दुसरीत होता. रोज सकाळी पोट दुखते म्हणून रडायचा. शौचाला जायचे नाव काढले की अंग चोरायचा. चार-चार दिवस जायचा नाही, आणि गेला की रक्त पडायचे. शाळेतले स्वच्छतागृह असे होते की तिथे मूल पाऊल टाकणार नाही, त्यामुळे दिवसभर कळ दाबून ठेवायची सवय लागलेली. आम्ही जंतांचे औषध दिले, एरंडेल दिले, दृष्टही काढली. काही उपयोग झाला नाही. शेवटी बालरोगतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी पोट तपासले आणि मला एवढेच म्हणाले, ‘‘याने काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय खाल्ले ते या कागदावर लिहा.’’

मी लिहिले: सकाळी दूध आणि मैद्याची बिस्किटे. डब्यात पाव-जाम. दुपारी वरण-भात आणि बटाट्याची काचऱ्यांची भाजी. संध्याकाळी पुन्हा दूध. रात्री तूप-मीठ-भात. डॉक्टरांनी कागद वाचला आणि विचारले, ‘‘यात चोथा कुठे आहे?’’ भगिनींनो, त्याच आठवड्यात मी द्वितीय वर्षाच्या वर्गाला ‘आहारातील चोथ्याचे महत्त्व’ हा पाठ शिकविला होता! फळ्यावर आकृती काढून शिकविला होता. त्या कागदाचा हिशेब आज मांडला तर दिवसाकाठी आठ ग्रॅमही चोथा भरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दिलेल्या मार्गदर्शनाप्रमाणे सहा ते नऊ वर्षांच्या मुलाला किमान २१ ग्रॅम हवा.

आता हा चोथा म्हणजे काय? धान्याचे साल, डाळीचे टरफल, भाजीच्या शिरा, फळाचा गर यांतला जो भाग आपल्या पाचकरसांना पचत नाही, तो चोथा. पचत नाही म्हणून निरुपयोगी, असे शास्त्रज्ञही बराच काळ मानत होते. युगांडात अनेक वर्षे शल्यचिकित्सा केलेले आयरिश डॉक्टर डेनिस बर्किट यांनी १९७० च्या दशकात हा विषय जगापुढे आणला. भरड अन्न खाणाऱ्या तिथल्या लोकांत युरोपातले आतड्याचे अनेक विकार जवळजवळ दिसतच नाहीत, याकडे त्यांनी लक्ष वेधले. पुढे संशोधन वाढले. २०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या आढाव्यानुसार दिवसाला २५ ते २९ ग्रॅम चोथा घेणाऱ्यांत हृदयविकार, टाइप २ मधुमेह आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग यांचे प्रमाण कमी आढळले.

चोथा काम कसे करतो तेही थोडक्यात पाहू. त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार. गव्हाच्या कोंड्यासारखा न विरघळणारा चोथा मळाला आकार व वजन देतो, आतडे त्याला सहज पुढे ढकलते. कडधान्ये, पेरू, इसबगोल यांतला विरघळणारा चोथा पाण्यात फुगून लगदा होतो. त्यामुळे साखर रक्तात हळूहळू उतरते आणि पित्ताम्ले त्यात अडकून बाहेर गेल्याने कोलेस्टेरॉलही काही प्रमाणात कमी होते. शिवाय मोठ्या आतड्यात कोट्यवधी उपयुक्त जिवाणू राहतात. आपल्याला न पचणारा चोथा हेच त्यांचे अन्न. ते जेवले की त्यातून जी आम्ले तयार होतात, त्यांवर आतड्याचे अस्तर पोसले जाते.

आपल्या देशात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीत मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची १३ कोटी ६० लाख निघाली. यामागे केवळ चोथ्याची उणीव आहे असे मी म्हणणार नाही. बैठे काम, साखर, तेल, वाढलेले पोट, सारेच आहे. पण ताट हा त्यातला आपल्या हातातला भाग आहे.

आता थोडे आकड्यांकडे वळू. घाबरू नका, परीक्षा घेणार नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांची कोष्टके प्रसिद्ध केली. त्यांनुसार शंभर ग्रॅम सडलेल्या पांढऱ्या तांदळात चोथा तीन ग्रॅमहूनही कमी. मैद्यात तेवढाच. ज्वारीत दहा, बाजरी, नाचणी आणि कोंड्यासह दळलेल्या कणकेत अकरा. मुगाच्या धुतलेल्या डाळीत नऊ, पण अख्ख्या मुगात सतरा. हरभऱ्याच्या डाळीत पंधरा आणि अख्ख्या हरभऱ्यात तब्बल पंचवीस! म्हणजे टरफल काढले की चोथ्याचा मोठा वाटा गेला. तेच मूग आणि तेच हरभरे; फरक फक्त सालीचा.

प्रौढ माणसाला दोन हजार कॅलरींच्या आहारात साधारण ३० ग्रॅम चोथा असावा, असे परिषदेने २०२० साली सांगितले. ते जमते का, पाहा. दिवसभरात ज्वारीच्या दोन मध्यम भाकरी, म्हणजे शंभर ग्रॅम पीठ: दहा ग्रॅम. अख्ख्या मुगाची वाटीभर उसळ, कोरडे मूग तीस ग्रॅम: पाच ग्रॅम. शंभर ग्रॅम मेथीची भाजी: जवळजवळ पाच. एक मोठा पेरू: आठ ग्रॅमच्या वर. कोशिंबिरीत चमचाभर दाण्याचे कूट घातले की तिशीच्या आसपास आलो. यात परदेशातून आलेले, डब्यात भरलेले, महागडे असे काय आहे? काहीही नाही. यातले बहुतेक मंगळवारच्या बाजारात मिळते.

मग आपण हे सोडले का? सोलापूरकरांना हा प्रश्न विचारणे मला विशेष बोचते. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. आपली कडक भाकरी पुण्या-मुंबईला पाकिटातून जाते. आणि आपल्याच घरात पाहुणे आले की भाकरी लपविली जाते. याचे कारण मला माझ्या सासूबाईंकडून कळले. त्यांच्या लहानपणी गव्हाची पोळी सणालाच. रोज भाकरी खाणारा गरीब, पोळी खाणारा सुखवस्तू. त्यात १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिळालेली लाल मिलो ज्वारी ज्यांनी खाल्ली, त्यांच्या मनात भाकरी आणि हलाखी यांची गाठ पक्की बसली. पुढे गहू-तांदूळ मुबलक झाले. आपण पोळीवर आलो. मग ती मऊ व्हावी म्हणून कणीक बारीक चाळणीने चाळू लागलो. मग पाव आला, बिस्किटे आली. प्रत्येक पायरी आपल्याला वर चढल्यासारखी वाटली.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलते. आपल्या पूर्वजांना चोथ्याचे सारे शास्त्र ठाऊक होते, म्हणून ते भरड खात, असे अभिमानाने सांगण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते पटत नाही. जात्यावर जसे निघेल तसे ते खात. आणि ते जाते पहाटे चार वाजता ओढणाऱ्या बाईच्या खांद्याचा विचार त्या अभिमानात कुणी करीत नाही. परंपरेतले जे आज कसाला उतरते ते घ्यावे. उपवासाचा साबुदाणा घ्या. तो तर जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. टॅपिओकाच्या कंदापासून होतो आणि तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. त्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, वरीच्या तांदळाबरोबर दाण्याची आमटी, उकडलेले रताळे घेतले तर उपवास मोडत नाही आणि पोटही बिघडत नाही.

पुन्हा माझ्या मुलाकडे येते. डॉक्टरांनी औषध दिले आणि बजावले की ते काही महिने चालू ठेवायचे. हे मी मुद्दाम सांगते, कारण जुनाट बद्धकोष्ठता केवळ खाण्याने बरी होईल म्हणून औषध टाळणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. पण खाणे बदलणे हे माझे काम होते आणि ते जमेना. उसळ पुढे केली की तो तोंड फिरवी. मार्ग काढला सासूबाईंनी. त्या आमच्यापासून वेगळी भाकरी करून खात. ‘‘तुझ्या पोळीनं पोट भरत नाही गं,’’ म्हणत आणि मी मनात हसत असे. दात गेल्यावर त्या ज्वारीच्या कण्या करू लागल्या. ज्वारीला पाण्याचा हात लावून भरड कांडायची, पाण्यात मीठ घालून मऊ शिजवायची, थंड झाली की ताक आणि लसणाची फोडणी. एके दुपारी मी कॉलेजातून आले तर आजी-नातू एकाच ताटलीतून कण्या खात होते. मी महिनाभर जे करू शकले नव्हते ते आजीने कौतुकाच्या एका शब्दाशिवाय केले होते. पोराचे दुखणे पूर्ण जायला सहा महिने लागले. सासूबाईंची क्षमा मात्र मी मागितली नाही. त्या गेल्या तेव्हा लक्षात आले.

आता स्वयंपाकघरात चला. पहिली गोष्ट, चाळणी बदला. जाड चाळणीने खडे-काड्या काढा, कोंडा पिठातच राहू द्या. पोळी किंचित काळपट दिसेल, पाणी थोडे जास्त लागेल, आणि कणीक अर्धा तास भिजू दिली तर पोळी मऊच होते.

दुसरे, रविवारी दोन कडधान्ये भिजत घाला, मटकी आणि मूग. सोमवारी मोड येतात. डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा. तीन दिवस उसळ, मिसळण आणि कोशिंबिरीत घालायला उपयोगी पडतात. मोड आणल्याने त्यांतले लोहही अंगी लागायला मदत होते. पोटात वायू धरतो अशी तक्रार असेल तर भिजवलेले पाणी फेकून द्या आणि नीट शिजवा.

तिसरे, नोकरी करणाऱ्या मुलींसाठी. अख्ख्या मसुराची खिचडी करा. तांदूळ एक वाटी, दोन तास भिजविलेला मसूर एक वाटी, गाजर-फरसबी-पालक मिळून दोन वाट्या, पाच वाट्या पाणी, कुकरच्या चार शिट्ट्या. ताटात दुसरे काही नसले तरी चालते. थालीपिठाची भाजणी महिन्याची एकदम दळून आणा: ज्वारी आणि बाजरी दोन-दोन वाट्या, गहू, तांदूळ व हरभरा डाळ एकेक, उडीद अर्धी, धने-जिरे बेताचे, सारे वेगवेगळे भाजून. पीठ भिजविताना किसलेला दुधी किंवा चिरलेली मेथी घाला. दुधी दिसत नाही, म्हणून मुले भांडत नाहीत! पालेभाजीला पीठ पेरा. मेथी, शेपू, ढोबळी मिरची, कशालाही चालते. दोडक्याच्या शिरा फेकू नका, तीळ घालून चटणी करा. कोथिंबिरीची कोवळी देठे वाटणात जाऊ द्या. फळाचा रस काढण्यापेक्षा फळ चावून खा. रस गाळला की चोथा गाळणीत आणि साखर पेल्यात.

सावधगिरीच्या दोन गोष्टी. हे सारे आज ऐकले म्हणून उद्यापासून एकदम सुरू करू नका. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा आणि पाणी भरपूर प्या. नाहीतर पोट फुगेल आणि दोष मला द्याल. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे, ज्यांच्या आतड्याची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही बदलू नये.

येताना एका भगिनीने जिन्यातच गाठून विचारले, ‘‘ताई, रोज रात्री चमचाभर इसबगोल घेतले तर एवढा खटाटोप कशाला?’’ इसबगोल चांगलेच आहे, भरपूर पाण्याबरोबर घ्यावे. पण त्यात मेथीतले लोह नाही, मुगातली प्रथिने नाहीत, आणि ते सबंध कुटुंबाला एका पंगतीला बसवीत नाही. दुसरा प्रश्न आला तो ‘‘भाकरी थापता येत नाही, तुटते’’ असा. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून ती तुटते. पाणी उकळून त्यात पीठ घाला, झाकण ठेवून वाफ आणा, कोमट असताना खूप मळा आणि पोळीसारखी लाटा. तुटणार नाही.

मागे बसलेल्या बंधूंनाही सांगते, हे तुम्हालाही येईल. शेजारच्या खोलीत शेगडी पेटविली आहे, पीठ आणि पाणी ठेवले आहे. ज्यांना उकडीची भाकरी लाटून पाहायची असेल त्यांनी हात धुऊन यावे. पहिला मान बंधूंचा.