श्रमाच्या घरची कला



ज्या पाथर्डी तालुक्यात पावसाचा भरवसा नाही, जिथली कितीतरी कुटुंबे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल अंगावर घेऊन, लेकराबाळांसह ऊसतोडीला परमुलखात जातात आणि हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडल्यावरच आपल्या घराचे कुलूप उघडतात, त्या तालुक्यात कला, कल्पना आणि सर्जन यांचे नित्याच्या जीवनातील मोल काय, हा प्रश्न काही सुज्ञांना अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. आधी पोटाची ददात मिटू द्या, मग कलेचे बोला, असे आपल्याकडे मोठ्या सद्भावनेने सांगितले जाते. मला हे मत मूलतः चुकीचे वाटते, आणि ते चुकीचे का, याची साक्ष याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे.

राहुरी तालुक्यातील ताहराबादचे महिपती हे वतनाने कुलकर्णी. जमाबंदी, वसूल, दप्तर हा त्यांचा वंशपरंपरागत व्यवसाय. एके दिवशी ते देवपूजेत असताना कचेरीतून तातडीचे बोलावणे आले. काम उरकून ते घरी परतले आणि यापुढे ही लेखणी संतचरित्राखेरीज काही लिहिणार नाही, अशी त्यांनी प्रतिज्ञा केली, असे परंपरा सांगते. आख्यायिकेचा भाग बाजूला ठेवला, तरी 1762 साली, म्हणजे पानिपतच्या दुसऱ्याच वर्षी, त्यांचा ‘भक्तविजय’ सिद्ध झाला, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. आणि त्यांनी चरित्रे लिहिली ती कोणाची? गोरोबा कुंभाराची, सावतोबा माळ्याची, सेना न्हाव्याची, नामदेव शिंप्याची, चोखोबांची. यांपैकी कोणाला कवितेसाठी कामातून सवड मिळाली नव्हती. सावतोबांना मळ्यातल्या भाजीपाल्यात विठ्ठल दिसला, सेना महाराजांनी आपल्या व्यवसायाच्या उपकरणांतून अध्यात्म सांगितले. त्यांची प्रतिमासृष्टी हातातल्या हत्यारातून उपजली. पोट भरल्यानंतर उरलेल्या वेळात कला जन्मते, हा सिद्धांत ज्यांना मान्य आहे, त्यांनी महाराष्ट्राच्या या पाच शतकांच्या काव्याची संगती कशी लावायची?

परंतु माझ्या मनात याहूनही मोठे स्थान आहे ते ज्यांचे नाव कोणत्याही पोथीत आले नाही अशा स्त्रियांना. पहाटेच्या अंधारात, समोरासमोर बसून, एका खुंट्याला दोघींनी हात घालून जात्यावर दळण दळताना आपल्या आज्या-पणज्यांनी ज्या ओव्या रचल्या, त्यांचा विस्तार पाहिला म्हणजे मती गुंग होते. माहेरची वाट, भाऊरायाची चाहूल, सासरचा जाच, सीतेचा वनवास, पंढरीची वारी, अकाली गेलेले मूल, जे चारचौघांत बोलण्याची मुभा नव्हती ते सारे तिथे बोलले गेले. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये या ओव्या गोळा केल्या, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे आयुष्यभर हे कार्य केले, आणि हेमा राईरकर व फ्रान्सहून येऊन पुण्यास स्थायिक झालेले गी पॉयटवाँ यांनी महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. लाखभर ओव्या! एवढे काव्य ज्या स्त्रियांनी केले, त्यांतील बहुतेकींना अक्षरओळख नव्हती, आणि आपण कवयित्री आहोत असे त्यांतील एकीलाही कोणी कधी सांगितले नव्हते.

येथे एका गोष्टीचा खुलासा अवश्य केला पाहिजे. ओवी गोड आहे म्हणून दळणाचे कष्ट गोड ठरत नाहीत. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या आणि बायकांच्या खांद्यांना विसावा मिळाला, याचा मला निर्भेळ आनंद आहे. जाते परत आणा, असे म्हणण्याचा अधिकार ज्यांनी ते कधी ओढले नाही अशा आम्हा पुरुषांना तर मुळीच नाही. दुःख आहे ते निराळे. जाते गेले तेव्हा त्या स्त्रीची मन मोकळे करण्याची जागाही गेली, आणि तिच्या बदल्यात दुसरी जागा देण्याचे कोणाच्या ध्यानात आले नाही. आज ती कोयता घेऊन फडात उतरते, मोळ्या बांधते, कोपीवर येऊन भाकरी थापते. तिच्या मनात रचना होत नसेल असे मला वाटत नाही, परंतु ती ऐकणारी समोरची जोडीदारीण आता राहिलेली नाही.

मन मोकळे करण्याची अशी जागा मुलांनाही हवी, म्हणून शाळांविषयी थोडेच बोलतो. चित्रकलेचा आणि गायनाचा तास गणिताच्या उजळणीसाठी वापरण्याची रीत सर्रास पडली आहे, आणि ती मुलांच्या हिताची आहे अशी पालकांचीही समजूत आहे. जे मूल सहा महिने फडावर काढून आले, त्याला पहिल्या दिवशी पाढे विचारण्याऐवजी कागद आणि रंग द्या. ते जे काढील त्यातून त्याने काय पाहिले, काय सोसले, हे गुरुजींना कळेल, आणि पाढ्यांची वाटही तेथूनच सापडेल.

आता पुन्हा ओव्यांकडे वळून याच पाथर्डी तालुक्यातील तिसगावकरांपाशी माझे एक मागणे आहे. शेजारी मढीला कानिफनाथांची यात्रा होळीपासून भरू लागते, पुढे पाडवा येतो, पट्टा पडून टोळ्या हळूहळू गावी परततात. त्या दिवसांत येथील शिक्षकांनी, महाविद्यालयीन तरुणांनी आणि आपण लेखक म्हणविणाऱ्यांनी प्रत्येक वाडीवस्तीवर जावे, म्हाताऱ्या आयाबायांपाशी बसावे, त्यांना येतील त्या ओव्या जशा म्हटल्या तशा, भाषा शुद्ध न करता, लिहून घ्याव्यात. प्रत्येक ओवीखाली सांगणारीचे नाव तिच्या अनुमतीने घालावे, गाव आणि ती कोणाकडून शिकली हे नोंदवावे, आणि ती बाडे गावच्या वाचनालयात जतन करावीत. यासाठी अनुदान लागत नाही, कोणाची मंजुरी लागत नाही. यंदाच्या पाडव्याला हे काम सुरू करा.